मऊरानीपूर (परिस्थितीनुसार) चालेल

झाशीच्या दक्षिणी समाज मंडळाच्या वेबसाइटवर एकूण तीनशे बारा फायली आहेत. त्यांपैकी तीनशे अकरा जुन्या झाल्या आहेत. उरलेली एक उघडत नाही, त्यामुळे ती जुनी आहे की नवी, याबद्दल मंडळ काही सांगू शकत नाही.

या फायलींमुळे कुणाचं फारसं बिघडत नव्हतं. ‘उद्या सकाळी ठीक नऊ वाजता वार्षिक सभा’ अशी एक सूचना तिथे आहे, तिच्यावर तारीख नाही. ग्वाल्हेरचे एक गृहस्थ ती वाचून दोनदा येऊन गेले. दुसऱ्या वेळी त्यांनी बंद दाराबाहेर अर्धा तास वाट पाहिली, गणसंख्या नाही म्हणून सभा तहकूब केली आणि तसं पत्र मंडळाला पाठवलं. ते पत्रही आता वेबसाइटवर आहे. याशिवाय सात वर्षांपूर्वीच्या पाककला स्पर्धेचे नियम आहेत, त्याच स्पर्धेच्या निकालाविरुद्धची तक्रार आहे, आणि गणपतीचं विसर्जन पावसामुळे पुढे ढकलल्याची सूचना आहे. ती बघता मंडळाचा गणपती २०१५ सालापासून मांडवातच बसलेला आहे.

अशा या शांत संग्रहात २०१४ सालची ‘वधू-वर परिचय पुस्तिका’ होती. पान अठरा, अनुक्रमांक त्रेचाळीस. तिथे लिहिलं होतं: ‘चि. सौ. कां. अनुया. वय २२. उंची ५ फूट ४ इंच. रंग गोरा (उन्हात सावळा). शिक्षण एम. ए. भूगोल. अपेक्षा: नोकरदार, निर्व्यसनी. झाशी, ग्वाल्हेर, सागर, इंदूर चालेल. मऊरानीपूर नको.’

अनुया आता तेहतीस वर्षांची आहे. ती शाळेत भूगोल शिकवते. घरी ती आणि तिचे वडील विद्याधरपंत, अशी दोघंच. या वर्षी बोर्डाच्या परीक्षेला तिची नेमणूक पर्यवेक्षक म्हणून झाली, ती नेमकी मऊरानीपूरच्या केंद्रावर. तिसऱ्या पेपरला केंद्रातलं पाणी संपलं. मुख्याध्यापकांनी वर कळवलं. वरच्यांनी अहवाल मागवला. तेवढ्यात समोरच्या डाळमिलच्या मालकाने पाण्याचे वीस जार हातगाडीवर घालून पाठवून दिले. मालकाचं नाव चैतन्य. तो शाळेच्या कुठल्याही समितीवर नव्हता. कुठल्याही समितीवर नसताना माणूस काम करतो, हे अनुयाने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मंडळाच्या सहचिटणीसाची मुलगी ती. तिच्यावर याचा परिणाम झाला. परीक्षा संपेपर्यंत दोघांचं ठरलं. मुलगाही मराठी निघाला, सहा पिढ्यांपासून मऊरानीपूरचा. साखरपुडा दीड महिन्यावर धरला.

आणि मग एका रविवारी अनुयाने स्वतःचं नाव इंटरनेटवर टाकून पाहिलं.

“बाबा, पान अठरा.”

विद्याधरपंतांनी वर्तमानपत्र थोडं वर धरलं. “कसलं पान?”

“माझं. मऊरानीपूर नको. हे कुणी लिहिलं?”

“अगं, ते सहज लिहिलं होतं.”

“सहज? सगळ्या हिंदुस्थानात तुम्हाला एकच गाव नको होतं?”

“त्याच्या आदल्या आठवड्यात तिथल्या एका लग्नात माझी चप्पल गेली होती. कोल्हापुरी. नवी होती.”

“तुमची चप्पल गेली म्हणून मी एक पूर्ण तहसील वर्ज्य केली? मी भूगोल शिकवते, बाबा!”

प्रश्न थट्टेचा नव्हता. चैतन्यचे वडील शिवाजीराव हे मानी गृहस्थ. दिवाळीत मुलाने त्यांना नवा फोन घेऊन दिला, तेव्हापासून ते दिसेल त्याचं नाव त्यात टाकून बघत होते: आपल्या डॉक्टरचं, भाजीवाल्याचं, वारलेल्या मामांचं. होणाऱ्या सुनेचं नाव अजून टाकलं नव्हतं, कारण मराठी अक्षरं फोनमध्ये कुठे असतात ते त्यांना सापडलं नव्हतं. आज ना उद्या सापडणार होतं. आणि ज्या गावाला आपण नको म्हटलं, त्याच गावात माप ओलांडून जाणं अनुयाला जमणार नव्हतं. तिला ती ओळ जायला हवी होती, साखरपुड्याच्या आत. एवढंच.

विद्याधरपंत त्याच दुपारी इलाइट चौराह्यावर मुकेशच्या दुकानात गेले. मुकेश मंडळाची वेबसाइट सांभाळतो. त्याला मराठी येत नाही, म्हणून तो निःपक्षपाती आहे, असं मंडळाचं मत आहे. त्याने फाईल शोधली, बाण नेमक्या जागी आणला आणि म्हणाला, “लो अंकलजी. एक बटन की बात है. दबा दूँ?”

विद्याधरपंत ‘दाब’ म्हणणारच होते. तोंड उघडलंही होतं. पण त्यांना नियम चौदा आठवला.

नियम चौदा त्यांनीच आणला होता. २०१६ साली आधीच्या चिटणिसांनी मंडळाचं जुनं दप्तर रद्दीत दिलं. पुढच्याच बैठकीला बडा बाजारातून मुगाच्या डाळीचे मंगोडे मागवले, ते मंडळाच्याच १९६२ सालच्या ठरावात गुंडाळून आले. ठरावावर तेल पसरलं होतं, तरी ‘सर्वानुमते’ हा शब्द स्पष्ट वाचता येत होता. विद्याधरपंतांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच बैठकीत त्यांनी नियम मांडला: मंडळाचा कोणताही दस्तऐवज उपसमिती, जाहीर सूचना, हरकती, सुनावणी आणि ठराव यांवाचून नष्ट केला जाणार नाही. टाळ्या पडल्या होत्या. त्या टाळ्यांचा फोटोही वेबसाइटवर आहे.

“थांब भैया,” विद्याधरपंत म्हणाले. “असं एकदम काढता येत नाही.”

“एकदमच निकलती है, अंकलजी.”

“तेच तर.”

मंडळाची तातडीची बैठक नऊ दिवसांनी भरली. अध्यक्ष बापूराव, वय अठ्ठ्याहत्तर, घराणं शिलेदारांचं. चिटणीस सुभाषचंद्र, चाळीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेले. नमस्कारालाही ते पोच देतात. महिला शाखेच्या कमळाबाई, ज्यांना सगळे घाबरतात आणि म्हणून दर वर्षी बिनविरोध निवडतात.

विद्याधरपंतांनी मान खाली घालून विषय सांगितला.

“विषय गंभीर आहे,” सुभाषचंद्र म्हणाले. “पण एका ओळीपुरता निर्णय घेता येणार नाही. उद्या दुसरा येईल, म्हणेल माझीही काढा. आधी धोरण ठरवावं लागेल. जुन्या फायली ठेवायच्या की काढायच्या?”

बापूराव सरसावून बसले. “एक काढायची नाही! आपले पूर्वज घोड्यावर बसून इथे आले. मागे काय ठेवलं? एक कागद नाही. माझे खापरपणजे कुठल्या लढाईत पडले, ते मला आज सांगता येत नाही. नुसतं पडले, एवढंच माहीत. म्हणून म्हणतो, पुढच्या पिढीसाठी सगळं राहिलं पाहिजे.”

“पुढच्या पिढीला मराठी वाचता येतं का, बापूसाहेब?” कमळाबाईंनी विचारलं.

“येत नाही. पण राहिलं पाहिजे.”

“माणसं बदलतात, फायली बदलत नाहीत,” कमळाबाई म्हणाल्या. “त्याच पुस्तिकेत माझ्या पियुषची अपेक्षा आहे: मुलगी शांत आणि घरकामात तरबेज. माझी सून पाहिलीत ना तुम्ही?”

“मग तुमचं मत, काढावी?”

“छे! ठेवा. कधी तरी तिच्या वाचनात येईल.”

“बाबांनो, आमच्या अनुयाचं लग्न मोडेल,” विद्याधरपंत म्हणाले.

“मोडेल हो, पण नियम तुमचाच ना?” सुभाषचंद्र प्रेमाने म्हणाले. “काढणं आणि ठेवणं या दोन टोकांच्या मधे पुष्कळ जागा असते, पंत. आपलं मंडळ त्याच जागेत काम करतं.”

शेवटी ‘अप्रचलित फायली (ठेवणे अथवा काढणे) निर्णय उपसमिती’ नेमण्यात आली. उपसमितीत हेच तिघे होते, पण आता ते वेगळ्या खुर्च्यांवर बसले. विद्याधरपंतांचे हितसंबंध गुंतलेले असल्याने त्यांना मतदानातून वगळलं आणि इतिवृत्त लिहायला सांगितलं.

नियमाप्रमाणे पहिली पायरी जाहीर सूचना. सुभाषचंद्रांनी ती रात्रभर नाही, पण पूर्ण एक दुपार खपून लिहिली:

‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, खालील मजकूर जुना, अनावश्यक व भावना दुखावणारा असल्याने तो कुणाच्याही नजरेस पडू नये म्हणून काढून टाकण्याचे योजिले आहे. तरी सर्वांनी तो नीट वाचून तीस दिवसांत आपल्या हरकती कळवाव्यात.’

सूचनेखाली पान अठरा लावलं. नेमकी कुठली ओळ जाणार हे लोकांना कळावं म्हणून त्या ओळीला पिवळा रंग दिला. पान उघडलं की बारीक अक्षर दिसत नाही, अशी कमळाबाईंची तक्रार आली, म्हणून ओळ मोठी केली. वर ‘नवीन’ असा लाल शब्द लुकलुकता ठेवला.

“इतना सब करवा रहे हो,” मुकेश म्हणाला, “इससे तो मैं बटन दबा दूँ?”

“भैया, कार्यपद्धती समजून घे,” सुभाषचंद्र म्हणाले. “आपण काढतोच आहोत.”

ही पुस्तिका त्याआधी अकरा वर्षांत चारदा उघडली गेली होती. त्यांतले दोनदा उघडणारे विद्याधरपंतच होते, शुद्धलेखन तपासायला. सूचना लागल्यावर पहिल्या आठवड्यात एक हजार एकशे चाळीस जणांनी ती उघडली. इंदूर, पुणे, नागपूर, एक जण तर कॅनडातून. मंडळाच्या स्थापनेपासून वेबसाइटला इतकी माणसं कधी आली नव्हती. बापूरावांनी मुकेशचा सत्कार करण्याचा विचार मांडला.

आणि अनुयाचा फोन वाजू लागला.

“कोण, अनुयाताई का? मी सागरहून बोलतोय. आमचा आशिष चोवीस वर्षांचा आहे. तुमचं स्थळ पाहिलं. बावीस म्हणजे जोडा छान दिसेल.”

“काका, मी तेहतीस वर्षांची आहे.”

“असं कसं? इंटरनेटवर बावीस आहे.”

“ती यादी जुनी आहे.”

“वर ‘नवीन’ लिहिलंय, ताई.”

“काका, मी स्वतः बोलतेय. मला माझं वय माहीत आहे.”

तिकडे थोडा वेळ कुणाशी तरी विचारविनिमय झाला. मग आवाज आला, “ठीक आहे. मंडळाचं तसं पत्र असेल तर पाठवा.”

अशी अकरा स्थळं आली. अनुयाने बाराव्याला फोन उचलल्या उचलल्या सांगितलं की ती मेली. त्यांनी मृत्यूचा दाखला मागितला नाही. सभ्य माणसं होती.

विद्याधरपंत हात जोडून उपसमितीपुढे गेले. “तीस दिवस होईपर्यंत काही तरी करा. शिवाजीरावांच्या नजरेला पडलं तर संपलं.”

“तात्पुरता दिलासा देता येईल,” सुभाषचंद्र म्हणाले. “शुद्धिपत्रक काढू. फाईल तशीच राहील, वर शुद्धिपत्रक लागेल. ‘मऊरानीपूर नको’ याऐवजी ‘मऊरानीपूर चालेल’ असे वाचावे.”

“चालेल काय?” कमळाबाई म्हणाल्या. “भाजी उरलीय, चालेल का, असं वाटतं. मुलगी जातेय तिथे. ‘आवडेल’ लिहा.”

“मुलीच्या जातीने लग्नाआधी ‘आवडेल’ म्हणणं बरं दिसत नाही,” बापूराव म्हणाले.

“मग ‘हरकत नाही’?”

“हरकती मागवल्या आहेत,” सुभाषचंद्र म्हणाले. “गोंधळ होईल.”

दोन तासांच्या चर्चेनंतर एकमत झालं. दुसऱ्या दिवशी वेबसाइटवर शुद्धिपत्रक झळकलं: ‘पान १८, शेवटची ओळ. “मऊरानीपूर नको” याऐवजी “मऊरानीपूर (परिस्थितीनुसार) चालेल” असे वाचावे.’

कंसातला शब्द पाहून अनुया बराच वेळ हसली. मग तिने चैतन्यला फोन लावला.

“तुझ्या बाबांनी वाचलं?”

“नऊ जणांनी पाठवलं त्यांना. एकाच सकाळी.”

“अरे देवा. काय म्हणाले?”

“काहीच नाही. चष्मा बदलून आणलाय. वही घेऊन बसतात. वाचत नाहीयेत ते, अभ्यास करतायत.”

“कसला अभ्यास?”

“सांगत नाहीत. काल मला विचारलं, मराठीत हरकत कशी लिहितात.”

“लग्नाला हरकत?”

“ते विचारायचं धाडस झालं नाही.”

तीस दिवस भरले. हरकतींची पत्रं आली ब्याऐंशी. सुभाषचंद्रांनी त्यांची वर्गवारी केली. एक्याऐंशी जणांनी एकच मागणी केली होती: पुस्तिकेतली माझी ओळ काढावी, बाकीच्यांच्या मात्र इतिहास म्हणून जपाव्यात. ब्याऐंशीवं पत्र बंद पाकिटात होतं, वर लिहिलं होतं, ‘समक्ष सांगेन.’

सुनावणीला मंडळाचं सभागृह भरून गेलं. मागच्या गणपतीलाही इतके लोक नव्हते. विद्याधरपंत इतिवृत्ताची वही घेऊन कोपऱ्यात बसले. अनुया भिंतीशी उभी होती, तिच्या शेजारी चैतन्य. शिवाजीराव पहिल्या रांगेत होते. स्वच्छ धोतर, नवा चष्मा, मांडीवर वही.

“हरकत क्रमांक ब्याऐंशी,” सुभाषचंद्रांनी पुकारलं.

शिवाजीराव उठले. “माझी हरकत अशी आहे की ही ओळ काढू नये.”

विद्याधरपंतांचं पेन थांबलं.

“मी तुमच्या तीनशे अकरा फायली वाचल्या,” शिवाजीराव म्हणाले. “एक उघडली नाही. आम्ही सहा पिढ्या मऊरानीपूरला आहोत. गणपतीच्या भंडाऱ्याची डाळ दर वर्षी आमच्याकडून येते. तुमच्या अहवालात काय असतं? ‘डाळ उत्तम शिजली.’ कुठून आली, ते कधी नाही. माझे वडील गेले तेव्हा तुम्ही शोकप्रस्ताव केलात. त्यात लिहिलंत, ‘झाशीजवळचे एक सदस्य’. एवढ्या सगळ्या कागदांत मऊरानीपूर हा शब्द एकदाच आलाय. फक्त एकदा. या मुलीच्या ओळीत. नको म्हणायला का होईना, झाशीत कुणाला तरी आमचं गाव आठवलं. तेही काढता?”

बापूरावांनी टोपी सारखी केली. कमळाबाई पायाशी बघू लागल्या. भंडाऱ्याला त्या दर वर्षी दोनदा डाळ घेतात.

अनुया पुढे आली. “काका, ती ओळ राहिली तर मी तुमच्या घरात कुठल्या तोंडाने येऊ?”

“याच तोंडाने ये. चांगलं आहे.”

“हसू नका, काका. मी ते म्हटलंच नव्हतं. त्या पानावर माझं वय आहे, रंग आहे, अपेक्षा आहेत. मला विचारून त्यातलं काहीच लिहिलेलं नाही. उंचीसुद्धा दोन बोटं वाढवलेली आहे. अकरा वर्षं ती दुसरीच कुणी तरी मुलगी माझ्या नावाने तिथे बसली आहे. मला ती घालवायची आहे.”

“तुझं बरोबर आहे, पोरी,” शिवाजीराव विचार करून म्हणाले. “तिला घालव. पण गाव आमचं आहे. ते राहू दे.”

“आणि ‘नको’?” बापूरावांनी विचारलं. “नको हा शब्द कुणाचा?”

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मंडळाच्या इतिहासात कुठल्याही मजकुराची मालकी कुणी कधी सांगितली नव्हती; सगळं सर्वानुमते होत आलं होतं. विद्याधरपंत हळूच उठले. वही खुर्चीवर ठेवली.

“माझा,” ते म्हणाले. “तो शब्द माझा, शिवाजीराव. रागाच्या भरात लिहिला. तुमच्या गावात माझी चप्पल गेली होती.”

“कोल्हापुरी? लाल गोंड्याची?”

“हो.”

“ती माझ्या थोरल्या भावाकडे आहे. दर दिवाळीला तेल लावतो तिला.”

“अकरा वर्षं?”

“दुसऱ्याची वस्तू टाकायची कशी?”

विद्याधरपंत खाली बसले, ते इतिवृत्ताच्या वहीवरच. सभागृहात कुणी तरी हसलं, मग सगळेच हसले. नंतर कमळाबाईंनी डोळे पुसले आणि कुणाला दिसलं का ते पाहिलं.

सुभाषचंद्रांचे डोळे मात्र वेगळ्याच कारणाने चमकत होते. काढणं आणि ठेवणं यांच्या मधली जागा त्यांना सापडली होती. त्यांनी तिथल्या तिथे ठराव मांडला. अर्जदार मुलीचं नाव, वय, रंग, उंची, शिक्षण आणि अपेक्षा काढाव्यात. विद्याधरपंतांचा ‘नको’ त्यांना परत करावा. हरकतदारांचं गाव तसंच ठेवावं. ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

“अब दबा दूँ?” दाराशी उभ्या मुकेशने विचारलं.

“दाब!” सभागृह एका आवाजात म्हणालं. मुकेशने दाबलं. टाळ्या पडल्या. फोटो निघाला.

त्यामुळे आजमितीस मंडळाच्या वधू-वर परिचय पुस्तिकेत वधूंच्या विभागात, अनुक्रमांक त्रेचाळीसपुढे फक्त एक शब्द आहे: ‘मऊरानीपूर’. गेल्या महिन्यात भोपाळहून एका गृहस्थांनी लेखी विचारणा केली की, स्थळ चांगलं वाटतं, मुलगी काय करते आणि मंगळ आहे का. सुभाषचंद्रांनी उत्तर पाठवलं: ‘आपली विचारणा नोंदवून घेतली आहे.’ बाकीच्या एक्याऐंशी अर्जांसाठी दुसरी उपसमिती नेमली आहे. ती पहिली जाहीर सूचना येत्या सोमवारी काढणार आहे, सर्व एक्याऐंशी ओळी पिवळ्या करून.

लग्न मऊरानीपूरला झालं, थाटात. शिवाजीरावांनी मांडवाच्या दारावर गावाचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत लावलं होतं की नवरा-नवरीची नावं खाली मावली नाहीत. जेवणात डाळ होती. पंगतीत मंडळाचे सगळेच होते, आणि सगळेच हळहळत होते: काय बाई दिवस आलेत, कुणाच्याही मुलीचं काहीही इंटरनेटवर पडून राहतं, बरं झालं काढलं ते. असं म्हणत एकेक जण खिशातून फोन काढत होता आणि शेजाऱ्याला दाखवत होता. मूळ पान अठरा, पिवळ्या ओळीसकट. त्या तीस दिवसांत ज्यांनी ज्यांनी ते उघडलं, त्यांनी ते ठेवून घेतलं होतं. वेबसाइटवर ते एका जागी होतं. आता हजार जागी आहे, आणि तिथे नियम चौदा लागू होत नाही. अनुयाने हे पाहिलं. तिने चैतन्यला कोपराने ढोसलं आणि जिलबी मागितली. ज्यांना हरकत पाठवता येत नाही त्यांच्यावर वेळ घालवायचा नाही, हे तिने ठरवून टाकलं होतं.

तुम्ही हसलात, ते बरं केलंत. आता जरा तुमचा फोन उघडा. त्यात खाली, आमंत्रणं, आरत्या आणि आरोग्याच्या सल्ल्यांच्याही खाली, कुणाच्या तरी मुलीचा बायोडेटा असेल. तुमच्या मुलासाठी, नाही तर पुतण्यासाठी आलेला. वय लिहिलंय, रंग लिहिलाय, फोटोत ती कुंडीशेजारी उभी आहे. चार-पाच वर्षं झाली असतील. हो की नाही, ते तुम्ही तिच्या घरी अजून कळवलेलं नाही.